उसनी जांभळी रेघ

मी एक जुनी रेघ आहे. होय मित्रांनो, नुसती एक रेघ. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे तुमच्याही पोटात गोळा येईल. माझ्या पोटात तर तो कायमच असतो, आणि गंमत म्हणजे मला पोटसुद्धा नाही.

मी वहीतली रेघ नाही आणि फळ्यावरचीही नाही. मी संगणकात राहते. मारिन्या ग्रांद नावाचं पोर्तुगालमधलं एक गाव आहे. तिथे घरटी एक तरी माणूस साच्यांच्या कामात असतो. तिथल्या एका छोट्या दुकानातल्या आराखड्यात माझा मुक्काम आहे. संगणकाचा पडदा पोलाद कापणाऱ्या मिलिंग मशीनच्या समोरच आहे, त्यामुळे काचेतून मला अख्खं दुकान दिसतं. दिसतं सगळं, पण बोलता काही येत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळं दुःख यातच आलं.

तुम्ही रोज प्लॅस्टिकच्या किती वस्तू वापरता! बाटलीचं बूच, टूथब्रशचा दांडा, डब्याचं झाकण. त्यातली प्रत्येक वस्तू पोलादाच्या साच्यातून निघते. आणि साचा कापण्याआधी तो संगणकावर आखावा लागतो. आखताना चुकलं तर फार काही बिघडत नाही, पुसून पुन्हा आखता येतं. पण पोलाद कापताना चुकलं की संपलं. कापलेलं पोलाद कुणालाच परत चिकटवता येत नाही.

माझा जन्म मार्च महिन्यातला. मला जन्म दिला तो इल्दाने. इल्दा म्हणजे दुकानातली आखणी करणारी बाई. तिशीची, बारीक अंगाची, कानामागे कायम पेन्सिल, आणि ती पेन्सिल कधीच वापरायची नाही. त्या दिवसांत दुकानाकडे औषधाच्या गोळ्या ठेवायच्या डबीचं काम आलं होतं. आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे आणि वर एकच झाकण, टक्कन बसणारं. डबीचा आराखडा गिऱ्हाइकाने पाठवला होता. झाकणाचा साचा इल्दाला करायचा होता. झाकणाची आतली बाजू ज्या पोलादी ठोकळ्याभोवती तयार होते त्याला गाभा म्हणतात. त्या गाभ्याची बाहेरची रेघ, ती मी.

इल्दाला डबीचा काठ मोजून आकडे टाकता आले असते. पुष्कळजण तसंच करतात. पण तिने तसं केलं नाही. तिने कोरा आराखडा उघडून डबीच्या काठाकडे बाण नेला, एकदा टिचकी मारली, आणि काठाची सावली पडावी तशी मी खाली उतरले. बाकीच्या रेघा काळ्या, मी जांभळी. जांभळा रंग म्हणजे ही रेघ उसनी आहे, हिचं मूळ दुसरीकडे आहे. डबीचा काठ ही माझी आई. तिच्यापासून माझ्यापर्यंत एक न दिसणारा धागा होता. ती सरकली की मी सरकायची, ती वळली की मी वळायची. मला स्वतःचं असं माप नव्हतंच.

त्याच दिवशी आन्सेल्मो मेस्त्री मागे येऊन उभे राहिले. मेस्त्री म्हणजे दुकानाचा कणा. पंचेचाळीस वर्षं कानस आणि हातोडा चालवून त्यांचे कान पार गेले होते, त्यामुळे ते स्वतः बोलायचे तेही ओरडूनच.

"माप न घेता रेघ मारलीस?" ते गरजले. "कुणी शिकवलं तुला असलं?"

"तुम्हीच, मेस्त्री," इल्दा म्हणाली.

"मी? मला तर ते यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही!"

"अहो, पोलादावर निळा रंग लावून, त्यावर डबी पालथी घालून, तिच्या कडेने टोकदार सळईने खरवडायचात ना? मी नवीन होते तेव्हा काय बजावलं होतंत? मोजून आखलंस तर दोनदा चुकशील. वस्तूवरूनच उतरवून घे. मी तेच केलंय. फरक एवढाच, की डबी सरकली तर ही रेघही सरकते."

"सरकते? आपणहून?"

इल्दाने डबीची भिंत दोन मिलिमीटर बाहेर ओढली. मी निमूटपणे तिच्यामागे गेले. मेस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अरे बाप रे! माझी रेघ मेली गाढवासारखी जागच्या जागी उभी राहायची. गिऱ्हाइकाने माप बदललं की पुन्हा रंग, पुन्हा खरवड. जन्म गेला माझा तिच्यापायी. आणि ही बघा, कशी शहाण्यासारखी निघाली."

तेव्हापासून मेस्त्री रोज सकाळी कॉफी पिऊन आले की आधी पडद्यापाशी थांबायचे. "काय ग जांभळे, बरी आहेस ना?" असं मला विचारायचे. मित्रांनो, रेघेची अशी विचारपूस कुणी करत नाही हो. मला फार बरं वाटायचं.

त्या वसंतात गिऱ्हाइकाने डबी पाच वेळा बदलली. कधी लांब केली, कधी कोपरे गोल केले. पाचही वेळा मी आईमागे बरोबर गेले. इल्दाला एक आकडा पुन्हा टाकावा लागला नाही. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "अशी आखणी हवी." कौतुक इल्दाचं झालं, पण मीही मनातून फुगले होते. खोटं कशाला बोलू?

पण आतून मला एक धास्ती होती. बाकीच्या काळ्या रेघा आपापल्या मापावर खुशाल उभ्या असतात. माझं तसं नाही. माझी आईच नाहीशी झाली तर? अशा वेळी उसनी रेघ आजारी पडते. जागच्या जागी थिजते, मातकट होते आणि तिच्या नावापुढे एक पिवळा त्रिकोण येतो. तो त्रिकोण म्हणजे आमचं रडणं. "माझं मूळ सापडत नाही, कुणीतरी बघा," एवढंच त्यातून आम्हाला सांगता येतं. म्हणून फाइल उघडली की मी आधी वर बघायची. आई आहे ना? आहे. मग जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जुलै संपत आला. ऑगस्टमध्ये आमच्या गावातली सगळी साच्यांची दुकानं तीन आठवडे बंद असतात. त्यामुळे सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा म्हणजे नुसती पळापळ. त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. शेवटच्या शुक्रवारी आन्सेल्मो मेस्त्री निवृत्त होणार होते. डबीच्या झाकणाचा साचा हे त्यांचं शेवटचं काम. "पंचेचाळीस वर्षांत एक गाभा भंगारात गेला नाही माझा," ते येईल त्याला सांगत होते. "हा एवढा नीट होऊ दे. मग मी मोकळा."

ते ऐकलं आणि माझी धास्ती दुप्पट झाली. त्या गाभ्याची रेघ मीच होते ना!

गुरुवारी इल्दा रजेवर गेली, मावसबहिणीच्या लग्नाला. जाताना तिने काम आखणीच्याच कामातल्या वाल्देमारच्या हवाली केलं. वाल्देमार वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. हात चलाख, स्वभाव हसरा, पण पडद्यावर पिवळं काही दिसलं की त्याला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. इल्दाने त्याला सगळं समजावलं, फक्त माझ्याबद्दल सांगायचं राहून गेलं. तिला वाटलं, हे तर कुणालाही कळेल. चूक तिचीही होतीच.

दुपारी गिऱ्हाइकाकडून डबीचा नवा आराखडा आला. सोबतच्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की काठ गोल केला आहे. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की भिंत चारही बाजूंनी चार दशांश मिलिमीटर बाहेर सरकवली आहे. वाल्देमारने पहिली ओळ वाचली आणि जुनी डबी काढून नवी बसवली.

आणि माझी आई गेली.

नव्या डबीला काठ होता, पण तो माझा नव्हता. मी त्याला ओळखत नव्हते आणि तो मला. धागा हवेत लोंबकळत राहिला. मी मातकट झाले. माझ्यापुढे पिवळा त्रिकोण आला, आणि माझ्यावर ज्या रेघा अवलंबून होत्या त्यांच्यापुढेही एकेक आला. बघता बघता रेघांच्या नावांची सगळी यादी पिवळी झाली.

"आली का पीडा!" वाल्देमार म्हणाला. "झुल्मिरा, दहा मिनिटं थांब ग. हिला काय झालंय बघतो."

झुल्मिरा म्हणजे मिलिंग मशीन चालवणारी. ती तिथूनच म्हणाली, "तुझी दहा मिनिटं मला माहीत आहेत. उद्या सकाळी पोलाद लावायचंय मला. सुट्टीत लावायला सांगतोस की काय?"

वाल्देमारने मला उजवी टिचकी मारली. पर्यायांची यादी उघडली. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, नवा काठ दाखवून मला पुन्हा जोडणं. दुसरी, धागा तोडणं. पहिलीला शोधाशोध करावी लागते. दुसरीला एक टिचकी पुरते. मी जीव खाऊन पिवळी होत होते. अरे, वर बघ. जवळ जाऊन बघ. काठ हललाय! पण त्याने डबी लांबूनच पाहिली. एवढ्या लांबून चार दशांश कसे दिसणार? पाच-सहा केस एकाला एक लावले तर जेवढी जाडी होते, तेवढंच ते.

त्याने धागा तोडला.

सगळे त्रिकोण एका क्षणात गेले. मी काळी झाले. इतर रेघांसारखीच काळी, ठणठणीत, निरोगी दिसणारी. वाल्देमारने शीळ घातली. "झालं बघ. स्वच्छ!"

मित्रांनो, आजारी असताना मी निदान रडत तरी होते. आता माझं रडणंही काढून घेतलं होतं. नवा काठ माझ्या बाहेर चार दशांशांवर उभा होता, आणि मी जुन्याच जागी. या मापाने गाभा कापला तर झाकण लहान होणार. डबीवर ते कधीच बसणार नव्हतं. हे अख्ख्या दुकानात एकट्या मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं.

शुक्रवार उजाडला. झुल्मिराने पोलादाचा ठोकळा मशीनवर बांधला. आधी रफ कापणी असते. त्यात रेघेपर्यंत जात नाहीत, थोडं पोलाद राखून ठेवतात. मग बारीक हत्याराने फिनिश, ती थेट रेघेपर्यंत. निरोपाच्या गडबडीत मेस्त्री त्या सकाळी पडद्यापाशी थांबले नव्हते, पण रफ सुरू होताना नेहमीप्रमाणे मशीनपाशी जाऊन उभे राहिले.

"किती राखतेस?"

"अर्धा मिलिमीटर, मेस्त्री. सगळं जग तेवढंच राखतं."

"एक राख."

"अहो, एक राखला तर फिनिशला दुप्पट वेळ जाईल! आज निवृत्त होताय, आज तरी हात सैल सोडा."

"उद्यापासून सोडीन. आज एक राख."

झुल्मिराने कपाळावर हात मारला, पण एक राखला. लोक या सवयीवरून मेस्त्रींना पोलादाचा कंजूष म्हणायचे. मला मात्र त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण सुटका झाली नव्हती. फिनिशचं हत्यार एकदा फिरलं की तो एक मिलिमीटर जाणार होता, थेट माझ्यापर्यंत, आणि मी चुकीच्या जागी उभी होते.

दुपारी अंगणात शेगड्या पेटल्या. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तारली मासे भाजायचे, पाव आणि भाजलेल्या मिरच्यांबरोबर खायचे, हा आमच्या दुकानाचा रिवाज. झुल्मिराने फिनिशचं हत्यार चढवलं आणि म्हणाली, "दोन घास खाऊन येते, मग बटण दाबते. सुट्टी लागेपर्यंत बसेल कापत."

मी घास मोजत होते. आणखी किती घास? अंगणातून हसण्याचा आवाज येत होता. मेस्त्रींच्या निरोपासाठी कुणीतरी भाषण करत होतं. मला थरथरता आलं असतं तर त्या दिवशी पडदा हलला असता.

तेवढ्यात मेस्त्री आत आले. बरोबर त्यांची बायको ओतीलिया, हातात तोंड वाकलेला पत्र्याचा डबा. त्यात तिच्या गोळ्या. तो दिवसातून तीनदा पिशवीत सांडायचा, म्हणून तर मेस्त्रींचा या डबीवर एवढा जीव.

"ये, तुला माझी रेघ दाखवतो," ते म्हणाले. "पोलादावर मी खरवडायचो ना, तिची नात आहे ही. जांभळी आहे."

ओतीलिया पडद्यावर वाकली. "कुठाय रे? मला तर सगळ्या काळ्या दिसतायत."

"नीट बघ. मधली."

"मधली काळीच आहे, आन्सेल्मो. कान गेले होते, आता डोळेही गेले का तुझे?"

मेस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी काळजातून ओरडत होते. हो, मीच ती! बघा माझ्याकडे!

"जांभळी कुठे गेली?" ते स्वतःशीच म्हणाले. मग दाराकडे वळून असे ओरडले की अंगणातलं भाषण थांबलं. "वाल्देमार! जांभळी कुठे गेली?"

वाल्देमार हातात पाव घेऊन आला. "कसली जांभळी, मेस्त्री? हां, ती! ती फार त्रास देत होती. धागा तोडून टाकला. आता बघा कसं स्वच्छ दिसतंय."

"तोडलास? मग आता तिला डबी कुठे आहे ते कोण सांगणार?"

पाव बाजूला ठेवून वाल्देमार पडद्यावर वाकला. त्याच वेळी मागे मशीन घरघरलं. झुल्मिरा दुसऱ्या दाराने आत येऊन बटण दाबून गेली होती. गार पाण्याची धार ठोकळ्यावर सुटली, हत्यार फिरू लागलं आणि खाली उतरायला लागलं. मेस्त्रींना ती घरघर ऐकू आली नाही. पण ओतीलियाला आली. "अरे, ते चालू झालंय!" म्हणत तिने नवऱ्याला गदागदा हलवलं आणि बोट दाखवलं. सहासष्ट वर्षांचे मेस्त्री त्या दिवशी असे धावले की वाटेतलं स्टूल उडालं. त्यांनी लाल बटणावर अख्खा तळहात मारला. हत्यार पोलादापासून दोन बोटांवर थांबलं.

घरघर थांबली तशी झुल्मिरा धावत आत आली. वाल्देमारने इल्दाला फोन लावला. पलीकडून लग्नाचा बँड वाजत होता.

"काठाजवळ जा," इल्दा सांगत होती. "अजून जवळ. आता सांग, रेघ काठावर आहे की आत?"

"आत," वाल्देमार म्हणाला. "चार दशांश आत."

मग इल्दाने विचारलं, "रफला किती राखलंय?"

झुल्मिराने मेस्त्रींकडे पाहिलं. "एक," ती म्हणाली, आणि तिला एकदम रडूच फुटलं. "या म्हाताऱ्याने एक राखायला लावलं."

एकातून चार दशांश गेले तरी सहा उरत होते. अर्धाच राखला असता तर एकच दशांश उरला असता, आणि तेवढ्यात रफचे ओरखडे निघत नाहीत. गाभा वाचला होता.

इल्दाने सांगितलं की ती आल्याशिवाय मशीनला कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे साचा सुट्टीनंतर पुरा झाला. निवृत्त झालेले मेस्त्री ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी भल्या सकाळी दारात हजर. इल्दाने नव्या काठावरून एक नवी जांभळी रेघ उतरवली. माझ्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या रेघा तिच्या हवाली केल्या. मग माझ्याकडे वळून तिने पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. मला वाटलं, संपलं आता.

"राहू दे तिला," मेस्त्री ओरडले. "दिसू दे सगळ्यांना, कुठे उभी होती ते."

इल्दाने मला पुसलं नाही, तुटक केलं. तुटक रेघेवरून काही कापलं जात नाही, ती नुसती असते. माझ्या शेजारी तिने एक टीप लिहायला घेतली, तर वाल्देमार म्हणाला, "मला लिहू दे." त्याने लिहिलं, "धागा तोडण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं." खाली स्वतःचं नाव घातलं. त्याबद्दल मी त्याला सगळं माफ केलं.

काही दिवसांनी पहिली डबी आली. मेस्त्रींनी अंगठ्याने झाकण दाबलं आणि ओतीलियाकडे पाहिलं.

"वाजलं का?"

"वाजलं," ती म्हणाली. "पुन्हा वाजव." त्यांनी पुन्हा वाजवलं. कितीदा वाजवलं ते मी मोजलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मेस्त्री येत नाहीत. मला कुणी बरी आहेस ना म्हणून विचारत नाही. कधीमधी कुणीतरी फाइल उघडतं, तेव्हा मी चार दशांशांवरून आधी त्या जांभळ्या पोरीकडे बघते. ती जांभळी आहे ना? आहे. मग मला हायसं वाटतं. फाइल बंद होते, आणि पुढच्या वेळची धास्ती सुरू होते.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे हात जोडून एक मागणं आहे. तुमच्या आसपासही कुणीतरी असा पिवळा त्रिकोण दाखवत असेल. कुणी उगाच रुसतं, कुणी सारखं रडतं, कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून डोकं खातं. त्याला गप्प करायला एक टिचकी पुरते. गप्प केलं की सगळं स्वच्छ दिसतं, हेही मी पाहिलंय. पण तसं करू नका. थोडं जवळ जा आणि विचारा, काय झालंय म्हणून. त्या गुरुवारी मला कुणी विचारलं नव्हतं.